पंगत वाढली पाहिजे

गतवर्षी नाताळच्या सुटीपूर्वी आम्ही नववीच्या काही विद्यार्थ्यांस घेऊन आपल्या शहरातील केक व कॉफीच्या एका नव्या दुकानात गेलो होतो. हे दुकान ‘व्हीगन’ पद्धतीचे. म्हणजे तेथील कोणत्याही पदार्थात दूध, लोणी, अंडे अथवा मध यांचा अंशही नसतो. मालकांची वृत्ती मोठी विनोदी दिसली. भिंतीवरील चित्रात चष्मा लावलेली एक गाय ऐटीत वर्तमानपत्र वाचीत बसली होती, आणि एका केकचे नाव होते ‘कोंबडीची सुटी’! मुले पोट धरून हसली. आणि केक इतका मऊ निघाला की, आमचाही पूर्वग्रह पहिल्याच घासास गळून पडला.

अंड्यावाचून केक फुगतो कसा, हे मुलांनी विचारून घेतले. खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र येताच कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी पीठ हलके होते. काबुली चणे शिजवून उरलेले पाणी घुसळले असता अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा शुभ्र फेस येतो. ही युक्ती फ्रान्समधील जोएल रोसेल यांनी २०१४ साली लोकांपुढे मांडली. जे पाणी पुष्कळ घरी मोरीत जाते, त्याचा असा उपयोग पाहून मुलांस मोठे नवल वाटले.

परंतु त्या दिवशीच्या दोन गोष्टी आमच्या मनातून जात नाहीत. आमच्या वर्गातील एका मुलीस दूध मुळीच सोसत नाही. घोटभर पोटात गेले तरी अंगावर गांधी उठतात. वर्गात कोणाच्या वाढदिवसाचा केक आला की, ती बिचारी हात आवरून बसे. त्या दिवशी तिने सर्वांबरोबर बसून दोन केक खाल्ले! तिचा तो आनंद पाहून त्या दुकानदारांस आम्ही मनोमन धन्यवाद दिले.

दुसरा एक मुलगा मात्र गप्प होता. त्याच्या घरी दोन गाई आहेत व त्याची फी दुधाच्या पैशांतून येते. केकची किंमत होती १८० रुपये. परतताना तो हळूच म्हणाला, “सर, डेअरीवर पाच लिटर दूध घालावे तेव्हा एवढे पैसे मिळतात.” आणि थोड्या वेळाने, “दूध काढणे हे पाप असेल, तर आमची आई पाप करते काय?”

वाटेत आम्हांस नीट उत्तर सुचले नाही. ते येथे देतो.

१९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची आद्य व अंत्य अक्षरे जोडून त्यांनी हे नाव घडविले. आपल्या देशातही अशा अन्नासाठी २०२२ साली स्वतंत्र नियम झाले. या लोकांचे म्हणणे पोकळ नाही. गाय व्याल्यावाचून दूध देत नाही, आणि नर वासराच्या वाट्यास पुष्कळदा उपेक्षाच येते. मुक्या जिवाची कणव येऊन कोणी दूध वर्ज्य केले, तर त्यास हसू नये. परंतु ज्या मराठवाड्यात पावसाने दगा दिला की शेत उघडे पडते, तेथे गोठ्यातील गाईवर कित्येक घरांची चूल पेटते. पहाटे उठून गाईस वैरणपाणी करणारी व तिच्या आजारात रात्र जागणारी माता पापी कशी? बाळा, तुझ्या आईची मान खाली जावी असे काहीही तिने केलेले नाही. वासराच्या वाट्याचे दूध त्यास मिळते ना, एवढे मात्र तू पाहत जा.

दानिएलाने बाबेलात राजाचे मिष्टान्न नाकारून दहा दिवस शाकान्न व पाणी मागितले. पण इतरांच्या ताटांवर त्याने टीका केली नाही. संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १४व्या अध्यायात हाच उपदेश केला आहे: खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ मानू नये, आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्यास दोष लावू नये.

शिवाय हे व्रत १८० रुपयांचेच असते असे नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांत १५ ऑगस्टच्या मरियेच्या सणास हळदीच्या पानांत पातोळ्या वाफवितात; तांदूळ, नारळ व गूळ एवढेच त्यांचे साहित्य. हिंदू घरांत नागपंचमीस त्याच पातोळ्या होतात. आपली तिळाची वडी, शेंगदाण्याची चिक्की, भाकरी व ठेचा यांतही दूध कोठे आहे? सुरतेच्या नानखटाईची कथा अशी सांगतात की, ताडी व अंडे घातलेला माल शेजारी खाईनात, म्हणून एका पारशी कारागिराने ती दोन्ही वगळून हा नवा पदार्थ केला. शेजाऱ्याचे मन जाणून केलेली पाककृती कधी वाया जात नाही.

आपल्या शहरातील पाणचक्की आपण पाहिली आहे. दूरच्या झऱ्याचे पाणी खापरी नळांतून आणून तेथे पीठ दळीत, ते दर्ग्यातील फकीर व वाटसरू यांच्या पोटी जावे म्हणून. अन्नाची कसोटी हीच: त्याने पंगत वाढते की तुटते? पालकांस आमची विनंती की, यंदाच्या स्नेहसंमेलनास फराळ पाठविताना एक डबा तरी बिनदुधाचा असावा. आणि विद्यार्थीमित्रांनो, त्या डब्याशेजारी गाईवाल्याच्या घरचा खरवसही असू द्या. ज्यास जे सोसेल ते त्याने घ्यावे, पण सर्वांनी एकाच पंगतीस बसावे.