बॅटचा वेग मोजलात, हात दुखतोय का विचारलंत?

अमेरिकेत राहणाऱ्या पालकांनो, मुलगा बेसबॉल खेळतो म्हणून तुम्ही त्याच्या बॅटच्या मुठीला सेन्सर लावलाय. त्यातला अ‍ॅक्सिलरोमीटर वेगातला बदल टिपतो, जायरोस्कोप बॅट कशी फिरते ते टिपतो. त्यावरून अ‍ॅप बॅटचा वेग आणि कोन काढतं. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती रोज आकडा वाढलाच पाहिजे या हट्टाबद्दल. मेजर लीगमध्ये ताशी ७५ मैलांपासून पुढचा स्विंग ‘वेगवान’ धरतात. तो निकष कमावलेल्या शरीराच्या व्यावसायिक खेळाडूंचा आहे. तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाची हाडं अजून वाढताहेत!

मनगटाजवळ, करंगळीच्या बाजूला हॅमेट नावाचं छोटं हाड असतं. त्याला हुकासारखं टोक असतं. स्विंग करताना बॅटच्या मुठीचा शेवट खालच्या हाताच्या तळव्यात नेमका तिथेच दाबला जातो. तिथे फ्रॅक्चर झालं तर साध्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसत नाही, सीटी स्कॅन करावा लागतो. सेन्सरही मुठीच्या त्याच टोकाला बसवलेला असतो, पण त्याला दुखणं कळत नाही.

म्हणून मोबाइल बघण्याआधी मुलाला विचारा. तळवा दुखतोय, पकड ढिली पडतेय, करंगळीला मुंग्या येताहेत, यातलं काहीही असेल तर बॅट खाली ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘अजून दोन मैल वाढव’ म्हणणं थोडे दिवस थांबलं तर काही बिघडत नाही. हात बिघडला तर मात्र अख्खा सीझन जातो.