देहाचा मान आणि देहाचे भान

२०२५ च्या मार्च महिन्यात दुबईत चॅम्पियन्स करंडकाचे सामने चालू असताना भारतीय संघाचा कर्णधार रोहित शर्मा याच्या खेळापेक्षा त्याच्या देहाची चर्चा काही दिवस अधिक रंगली. खेळाडू म्हणून तो लठ्ठ आहे, त्याने वजन कमी केले पाहिजे, असे एका राष्ट्रीय पक्षाच्या प्रवक्त्या असलेल्या महिलेने जाहीरपणे लिहिले. टीकेचा भडिमार झाल्यावर तो मजकूर मागे घेण्यात आला. पुढे आठवडाभरातच, ९ मार्च रोजी, याच कर्णधाराने अंतिम सामन्यात ७६ धावा केल्या, सामनावीराचा मान मिळवला आणि करंडक भारतात आणला. क्रीडांगणावर उत्तर मिळाले आणि वादावर पडदा पडला.

परंतु त्या निमित्ताने पुढे आलेला प्रश्न मात्र सुटलेला नाही. या वादाच्या जेमतेम आठवडाभर आधी, २३ फेब्रुवारीला, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'मन की बात' मधून वाढत्या लठ्ठपणाविषयी चिंता व्यक्त केली होती आणि घरातील तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन देशवासीयांना केले होते. एका व्यक्तीच्या लठ्ठपणावर बोट ठेवताच देश संतापला आणि साऱ्या देशाच्या लठ्ठपणाविषयी बोलले गेले तेव्हा त्याच देशाने मान डोलावली. यात वरवर विसंगती दिसते. प्रत्यक्षात येथे दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. माणसाचा मान त्याच्या वजनावर ठरावा का, हा पहिला. आणि वाढलेल्या मेदाने आरोग्य बिघडते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर निःसंदिग्ध 'नाही' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर बहुतांशी 'होय' असे आहे. ही दोन उत्तरे एकाच वेळी देता येत नाहीत, असा समज करून घेतल्यामुळेच आजचा सारा गोंधळ उडाला आहे.

हा गोंधळ मुळात अमेरिकेतला. १९६७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे पाचशे माणसे एकत्र आली आणि त्यांनी वजन घटवण्याचे मंत्र सांगणारी पुस्तके जाळून निषेध नोंदवला. १९६९ मध्ये बिल फॅब्रे या अभियंत्याने लठ्ठ व्यक्तींच्या हक्कांसाठी संघटना स्थापन केली. आपल्या पत्नीच्या वाट्याला येणारी अवहेलना हे त्यामागचे निमित्त होते. नोकरीत नकार, प्रवासात कुचेष्टा आणि दवाखान्यात कोणतीही तक्रार घेऊन गेले तरी 'आधी वजन कमी करा' हे एकच उत्तर, असा त्या काळी अनेकांचा अनुभव होता. ज्या चळवळीचा आरंभ अन्यायाच्या प्रतिकारातून झाला, तिला सरसकट थिल्लर ठरवणे न्यायाचे होणार नाही.

पुढे मात्र या प्रवाहाला निरनिराळे फाटे फुटले. १९९० च्या दशकात 'बॉडी पॉझिटिव्ह' हा शब्द रूढ झाला. आपला देह जसा आहे तसा प्रसन्न मनाने स्वीकारावा, हा त्याचा मूळ आशय. एका गटाने त्यापुढे जाऊन वजन आणि आजार यांचा संबंधच नाकारला आणि वजन कमी करण्याचा सल्ला देणे हाच अपमान ठरवला. वैद्यकक्षेत्रातून त्याला तीव्र विरोध झाला. मधुमेह, हृदयविकार, गुडघ्यांची झीज हे घोषणांना जुमानत नाहीत, असे डॉक्टरांचे म्हणणे. दरम्यान बाजारपेठेने आपला डाव साधला. २००४ मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीने 'खऱ्या सौंदर्या'ची जाहिरातमोहीम काढून साबण खपवला. तीच कंपनी त्याच काळात भारतात गोरेपणाचे मलम विकत होती. तिकडे 'आहात तशाच सुंदर आहात' आणि इकडे 'आहात तशा पुरेशा नाहीत'! देहस्वीकाराचा खरा कळवळा कोणाला आणि किती, हे यावरून ध्यानात यावे.

असे असले तरी देहस्वीकाराच्या बाजूने मांडला जाणारा एक मुद्दा शास्त्राच्या कसोटीवरही उतरतो. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो 'बीएमआय' काढला जातो, त्याचे मूळ सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे गणिती अडॉल्फ केतले यांनी मांडले, ते लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. एकेका माणसाचे आरोग्य ठरवण्यासाठी ते सूत्र नव्हतेच. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या अहवालानेही केवळ या आकड्यावरून लठ्ठपणाचे निदान करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. कंबरेचा घेर, प्रत्यक्ष मेदाचे प्रमाण आणि अवयवांवर झालेला परिणाम पाहावा, असे तो अहवाल सांगतो. परंतु त्याच अहवालाने अवयवांचे कार्य बिघडवणारा लठ्ठपणा हा स्वतंत्र आजार आहे, हेही ठामपणे नोंदवले आहे.

पाश्चात्त्य वादातील या दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावे असे सत्य पुण्यात सापडले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे अगदी सारखा. मात्र ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि भारतीय डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के! डोळ्यांना दिसणारा सडपातळपणा किती फसवा असू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकत्र येऊन पाश्चात्त्य मोजपट्टी बाजूला ठेवली. तिकडे बीएमआय ३० झाला की लठ्ठपणा मानतात, तर भारतीयांसाठी ही मर्यादा २५ ठरवण्यात आली. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर जाणे हा इशारा मानावा, असेही त्यांनी सुचवले.

याचा अर्थ काय? जाड माणसाकडे पाहून नाक मुरडणारा बारीक माणूस स्वतः मधुमेहाच्या उंबरठ्यावर असू शकतो. त्याची टिंगल क्रूर तर आहेच, शिवाय अज्ञानमूलकही आहे. त्याचबरोबर 'कोणत्याही वजनात निरोगी' ही आयात घोषणा भारतीय देहाला विशेष महागात पडणारी आहे, कारण येथे कमी वजनातच रोग दार ठोठावतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. त्याच सर्वेक्षणात १८.७ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी भरले आणि ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. एकाच देशात, पुष्कळदा एकाच घरात, अति आणि अभाव शेजारी शेजारी बसले आहेत.

त्यांचे नाते किती जवळचे आहे, हेही पुण्याच्याच संशोधनाने दाखवले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू झाला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो; इंग्लंडमधील बाळांचे सुमारे ३.५ किलो. या चिमुकल्या देहांत स्नायू कमी होते, पण मेद मात्र त्या मानाने टिकून होता. वरून कृश आणि आतून स्थूल अशी ही बाळे. ज्या मातांच्या आहारात दूध, फळे आणि हिरव्या पालेभाज्या अधिक वेळा होत्या, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती, हेही त्याच अभ्यासात दिसून आले.

आता आपल्या घरांकडे पाहावे. उपवर मुलीच्या माहितीपत्रात 'सडपातळ, गोरी' हे शब्द आजही अभिमानाने लिहिले जातात. पाहण्याच्या कार्यक्रमापूर्वी चार महिने मुलीच्या ताटातली पोळी मोजली जाते. बारशाला, मुंजीला, हळदीकुंकवाला जमलेल्या आत्या, मावश्या, काका चारचौघांत 'किती सुटलीस ग!' असे सहज बोलून जातात आणि त्याला आपुलकी म्हणतात. शाळकरी मुलाला 'ढब्बू' हे टोपणनाव प्रथम घरातच मिळते. बाळंतपणानंतर सहा महिन्यांत पूर्ववत दिसावे, अशी सुनेकडून अपेक्षा धरणाऱ्या घरात मुलाच्या वाढलेल्या पोटाला 'सुखवस्तूपणा' म्हटले जाते. पाश्चात्त्य चळवळीला नावे ठेवण्यापूर्वी तिला आपल्या मुली का प्रतिसाद देतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे. २०१६ मधील 'वजनदार' या मराठी चित्रपटाने हाच विषय हसतखेळत मांडला होता. घरात जे ऐकायला मिळाले नाही, ते बाहेरून ऐकू आले तर मुली तिकडे कान देणारच.

लाज वाटली की माणूस आपोआप वजन कमी करील, हा समजही खोटा आहे. वजनावरून होणाऱ्या अवहेलनेने माणसे व्यायामापासून आणि डॉक्टरांपासून दूर राहतात, असे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. आणि लाजेपोटी जेवण टाकणारी सतरा वर्षांची मुलगी उद्या माता होणार आहे. आज तिच्या ताटातून काढून घेतलेल्या दूध, भाजी, डाळीचा हिशेब उद्या तिच्या बाळाच्या देहात मांडला जाण्याची शक्यता आहे. केवळ एका मुलीच्या भावना दुखावण्याइतके हे प्रकरण लहान नाही. पुढच्या पिढीच्या आरोग्याशी त्याचा संबंध आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भारतीय परंपरेला परक्या शब्दांची उसनवारी करण्याची गरज नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन्ही अवस्था रोगकारक मानून त्यांची कारणे आणि उपचार सांगितले आहेत. मध्यम, सुघटित देह हा तेथे आदर्श आहे. विशेष म्हणजे अतिआहार, व्यायामाचा अभाव आणि दिवसा झोप यांच्याबरोबरच 'बीजस्वभाव', म्हणजे आईवडिलांकडून आलेला गुण, हेही स्थूलतेचे एक कारण चरकाने नोंदवले आहे. स्थूलता हा केवळ खादाडपणाचा किंवा आळसाचा पुरावा नव्हे, हे त्या वैद्याला ठाऊक होते. वैद्याने दोष सांगितला तो बरा करण्यासाठी, हिणवण्यासाठी नव्हे.

आणि मानाचे म्हणाल, तर जनकाच्या सभेत अष्टावक्राला पाहून हसलेल्या पंडितांची कथा सर्वांना परिचित आहे. येथे ज्ञानी कोणीच नाहीत, केवळ कातडी पाहणारे बसले आहेत, असे त्या मुलाने ऐकवले आणि सभा खाली मान घालून बसली. ज्या घरात भाद्रपदात लंबोदराची प्रतिष्ठापना होते, त्याच घराशेजारच्या तालमीत बजरंगबलीच्या साक्षीने जोर-बैठका काढल्या जातात. दोघेही पूज्य आहेत. देहाच्या आकाराची लाज नाही आणि देहाच्या साधनेचा कंटाळाही नाही, अशी ही दृष्टी आहे.

ही दृष्टी आचरणात आणण्याचे पहिले ठिकाण म्हणजे कुटुंब. घरातील एकाच मुलीसाठी वेगळा 'डाएट' नको. साऱ्या घराचा स्वयंपाकच कमी तेलाचा, कमी साखरेचा, डाळी-भाज्यांनी युक्त असावा. मुलाला आग्रहाचे तूप आणि मुलीला उपदेश, हा भेद थांबावा. वजनाची चर्चा चारचौघांत नव्हे, तर एकांतात, तीही काळजीच्या स्वरात आणि गरज असेल तर डॉक्टरांसमोर व्हावी. वर्षातून एकदा घरातल्या प्रत्येक प्रौढाने, बारीक दिसणाऱ्यानेही, कंबरेचा घेर आणि रक्तातील साखर मोजून घ्यावी. आईला संध्याकाळी अर्धा तास चालायला जाता यावे म्हणून त्या वेळेचा स्वयंपाक बाकीच्यांनी सांभाळावा. शाळेतील खेळाचा तास गणिताने गिळू नये आणि वसाहतीतील मोकळे मैदान वाहनतळाने गिळू नये, यासाठी पालकांनी आणि नागरिकांनी आग्रह धरावा. मैदानावर येणाऱ्या जाड मुलाला मात्र तेथे टिंगल भेटता कामा नये, नाहीतर तो पुन्हा येणार नाही.

देहाचा मान राखणे आणि देहाचे भान ठेवणे ही एकाच संस्काराची दोन अंगे आहेत. ज्या घरात मुलीला 'तू आमची आहेस' हे आधी कळते, त्याच घरात 'चल, उद्यापासून दोघी मिळून फिरायला जाऊ' हे आईचे वाक्य तिला टोमणा वाटत नाही.