गुळवेल अमृत असेल, पण यकृत एकच आहे!

मंडळी, आज थोडं स्पष्ट बोलतो. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

कोरोनापासून अंकुशनगरपासून अंबडपर्यंत एकच सांगणं चाललंय, "रोज गुळवेलीचा काढा घ्या, झाडपाल्याचा काही अपाय नसतो." यातलं दुसरं वाक्य धडधडीत खोटं आहे. धोतरा आणि कण्हेर काय कारखान्यात बनतात का?

गुळवेल आयुर्वेदात मानाची आहे, तिच्याशी माझं वैर नाही. पण सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातली एक महिला दगावली. आयुष मंत्रालय म्हणालं, गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल. बरं, मंत्रालयाचंच खरं धरू. मग तर प्रश्न जास्तच अवघड झाला! वेल ओळखण्यात चूक होत असेल, तर बिननावाच्या पुडीतली भुकटी कोण ओळखणार?

हाऊबेराचंही तेच. हिमालयातली ही हपुषा पोटफुगीवरचं जुनं औषध. पण गरोदर बाईनं आणि किडनीच्या रुग्णानं ती टाळायची असते. विकणारा हे विचारतो का?

सगळ्यात वाईट म्हणजे लोक शुगरची गोळी बंद करून काढ्यावर राहतात. "मधुमेह मुळापासून बरा" अशी औषधाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी ती बिनधास्त फिरते. आणि काढ्यानं डोळे पिवळे झाले, की आपला माणूस दवाखान्यात जात नाही, काविळीचं झाडपाल्याचं औषध घ्यायला जातो. म्हणजे आगीत तेल!

म्हणून तीन गोष्टी. नाव, घटक, परवाना क्रमांक नसलेली पुडी घेऊ नका. काय घेताय ते डॉक्टरला आणि वैद्याला, दोघांनाही सांगा. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर काढा लगेच थांबवा आणि यकृताची तपासणी करा.

अन्न व औषध प्रशासनाला एकच सांगणं, आठवडी बाजारातल्या पुड्यांचे नमुने घ्या. खव्याचे दिवाळीत घेता ना, मग याचे का नाही?

परंपरेचा अभिमान मलाही आहे. पण जुन्या वैद्यानं आधी नाडी पाहिली, मग मात्रा ठरवली. आपण फॉरवर्ड पाहून पेला भरतोय. याला परंपरा म्हणू नका.