यवतमाळचे ‘शारदाश्रम वार्षिक’ कपाटाबाहेर यायला हवे

मराठीचे जुने वाङ्मय शोधण्याचे श्रेय आपण सहसा पुण्या-मुंबईला देऊन मोकळे होतो. पण यवतमाळच्या यशवंत खुशाल देशपांडे यांनी ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ 1925 साली सिद्ध केला, तेव्हा ह. ना. नेने यांनी संपादित केलेली ‘लीळाचरित्र’ या महानुभाव पंथाच्या ग्रंथाची आवृत्तीही यायची होती. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले होते. ते वाचायचे तर लिपीही शिकावी लागे आणि मठांचा विश्वासही मिळवावा लागे. देशपांडे यांच्या शारदाश्रम या संस्थेने या संशोधनासाठी वार्षिकही काढले. मोठ्या ग्रंथात निष्कर्ष तेवढे येतात. पोथी कुठून मिळाली, कोणता पाठ का स्वीकारला, लेखनकाल कशावरून ठरवला, ही कामाची उस्तवार मात्र अशा संशोधनपर नियतकालिकांतच नोंदली जाते.

इतकी जुनी पाने आज वाचणार कोण, असा आक्षेप येईल. त्यातली काही मते आता मागेही पडली असतील. पण मत मागे पडले तरी हरवलेल्या पोथीची नोंद बाद होत नाही. उलट कधी कधी तीच एकमेव साक्ष उरते. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला मिळालेला अभिजात दर्जा अशाच पुराव्यांवर उभा आहे. महानुभावांच्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. वार्षिकाचे उपलब्ध अंक स्कॅन करून, लेखसूचीसह खुले करणे हे विद्यापीठाच्या पहिल्या कामांपैकी एक असावे, आणि त्यात यवतमाळच्या ग्रंथालयांनाही बरोबरीने घ्यावे.