वस्ताद गेले, तालीम थांबली नाही

आपल्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा पैलवान राहुल आवारे आठवतोय ना? २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ५७ किलो गटात सोनं जिंकलं आणि ते वस्ताद हरिश्चंद्र बिराजदारांना अर्पण केलं. वस्ताद तर २०११ मध्येच गेले होते!

मग पुढची सात वर्षं त्याला घडवलं कोणी? काका पवारांनी. तेही बिराजदारांचेच पठ्ठे. म्हणजे वस्तादांनी नुसते पैलवान नाही, पुढचा वस्तादही तयार केला होता.

आता आपल्याकडे बघा. गॅरेजवाला आजारी पडला की शटर खाली. कारण पोराला खरं काम दाखवलंच नाही. "शिकला की समोरच दुकान टाकेल," ही भीती. भीती खोटी नाही, एखादा जाईलही. पण माझं मत स्पष्ट आहे: कुणालाच न शिकवणारा धंदा मालकाबरोबरच संपतो.

या आठवड्यात एवढंच करा. फक्त तुम्हालाच येतं असं एक काम हाताखालच्या पोराला किंवा पोरीला करू द्या. तुम्ही नुसतं शेजारी उभं राहा.