तीन पाळ्यांच्या घरातली बालपणाची लय

पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी घेतला. त्यावरची चर्चा बहुतांशी स्कूलबस, दोन सत्रांत चालणाऱ्या इमारती आणि महानगरांतील वाहतूक यांभोवतीच फिरली. तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये ज्या मुद्द्याकडे लक्ष वेधले होते, तो मात्र बाजूला पडला. मुले उशिरा झोपतात, कारण घरे उशिरा झोपतात. शाळेची घंटा तासभर पुढे ढकलणे शासनाच्या हाती असते. घराचा दिवस कसा आखला जावा, हे कोणत्याही परिपत्रकाने ठरत नाही.

याच प्रश्नाचे एक उत्तर म्हणून गेल्या काही वर्षांत शहरी पालकांमध्ये 'वॉल्डॉर्फ' पद्धतीविषयी कुतूहल वाढले आहे. लहान मुलाला वेळापत्रकापेक्षा लय हवी असते, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र. श्वास आत घ्यावा आणि बाहेर सोडावा, तसा मुलाचा दिवस असावा, असे ती मानते. मोकळ्या खेळानंतर शांत बसून ऐकायची गोष्ट, अंगणातल्या दंग्यानंतर घरातले एखादे हातकाम, जेवणाआधी ठरलेले गाणे, झोपण्यापूर्वी मंद दिवा आणि काही दिवस सलग तीच गोष्ट. आठवड्यालाही अशीच चाल असते. एखादा वार रंगांचा, एखादा कणीक मळण्याचा. वर्षाची चाल ऋतू आणि सण ठरवतात. पडद्यांना या घरात शक्यतो मज्जाव, आणि खेळणी लाकूड, लोकर, कापूस अशा नैसर्गिक वस्तूंची. हैदराबादेत १९९७ मध्ये 'श्लोक' आणि मुंबईत २००० मध्ये 'त्रिधा' या शाळा सुरू झाल्या. पुण्यातही या पद्धतीची शाळा आहे. शाळेत न जाताही घरीच ही पद्धत राबवू पाहणारे पालक आता लहान शहरांतही दिसू लागले आहेत.

महानगरांपुरत्या वाटणाऱ्या या पद्धतीचा उगम मात्र एका कारखान्यात आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात वॉल्डॉर्फ-अस्टोरिया या सिगारेट कारखान्याचे संचालक एमिल मोल्ट यांनी रुडॉल्फ स्टायनर यांना कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढण्याची विनंती केली. सप्टेंबर १९१९ मध्ये ती उघडली, तेव्हा सुमारे अडीचशे मुलांपैकी बहुसंख्य त्याच कारखान्यातील कुटुंबांची होती. शाळेला नावही कारखान्याचेच मिळाले. भोंग्याच्या तालावर जगणाऱ्या घरांतील मुलांसाठी सुरू झालेली ही शाळा शंभर वर्षांत अनेक देशांत पोहोचली आणि भारतात आली तेव्हा मुख्यतः सुस्थित घरांची झाली. म्हणूनच ही पद्धत महानगराबाहेर, पुन्हा कामगारांच्या घरात नेली तर तिचे काय उरते, हे तपासण्यासारखे आहे. त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याइतके बोलके ठिकाण शोधून सापडणार नाही.

वर्धा नदीच्या या तीरावर राजुरा, पलीकडे बल्लारपूरची कागद गिरणी. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या सास्ती, पोवनी, गोवरी या कोळसा खाणी तालुक्यातच आहेत आणि शेजारच्या कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर परिसरात सिमेंटचे कारखाने. एकीकडे जंगल आणि कापसाची शेती, दुसरीकडे तेलंगणाची सीमा. या भागातील असंख्य घरांचा दिवस सूर्यावर चालत नाही, पाळीवर चालतो. सकाळपाळी, दुपारपाळी आणि रात्रपाळी आळीपाळीने येतात आणि त्यांच्याबरोबर स्वयंपाकाची, जेवणाची आणि दिवा मालवण्याची वेळही सरकते. दुपारपाळीच्या दिवसांत वडील घरी परततात तेव्हा मूल झोपलेले असते, किंवा त्यांची वाट पाहत जागे असते. रात्रपाळीनंतर ते दिवसा कूलरसमोर झोपतात आणि दोन खोल्यांच्या घरात मुलांनी गप्प राहायचे असते. मुलाला गप्प ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय आज कोणता, हे सांगण्याची गरज नाही. मोबाइल या घरांत शिरला तो हौसेपेक्षा शांततेची सोय म्हणून.

त्याची किंमत लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी १० ते १३ तास झोप हवी आणि झोपण्या-उठण्याच्या वेळा नियमित हव्यात. पडद्यासमोरचा वेळ एका तासाहून अधिक नसावा, आणि जितका कमी तितका चांगला. ही शिफारस ऐकून 'रोज रात्री ८ ला दिवे बंद' असा नियम करणे पाळीच्या घराला शक्य नसते. चार दिवस नियम पाळला जातो, पाचव्या दिवशी पाळी बदलते, नियम मोडतो आणि पालकांच्या मनात केवळ अपराधीपण उरते.

येथेच वॉल्डॉर्फ विचारातील एक भेद उपयोगी पडतो. घड्याळ आणि क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान मुलाला सहा वाजले की सात, हे कळत नाही. कशानंतर काय येते, हे मात्र पक्के कळते. हातपाय धुतले की दिवाबत्ती, दिवाबत्तीनंतर जेवण, जेवणानंतर अंथरूण, अंथरुणावर गोष्ट. ही साखळी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे सरकली तरी मुलाचा विश्वास सरकत नाही. मुलाची झोप आणि जेवण शक्य तितके एका वेळी ठेवावे आणि बदलणाऱ्या पाळीनुसार केवळ वडिलांबरोबरच्या भेटीची जागा बदलावी, हे त्या घरात जमण्यासारखे आहे. सकाळपाळीत संध्याकाळची गोष्ट त्यांची. दुपारपाळीत मुलाला अंघोळ घालणे आणि शाळेत सोडणे त्यांचे. रात्रपाळीत कामावर निघण्यापूर्वीचे जेवण एकत्र. भेट पंधरा मिनिटांची असली तरी चालेल, पण ती कधी होणार हे मुलाला आधी माहीत हवे.

साधनांच्या बाबतीत तर या भागाला कोणाकडून फार उसने घेण्याचे कारण नाही. बाहेरगावाहून मागवलेल्या महागड्या लाकडी खेळण्यांची भुरळ शहरी पालकांना पडते. विदर्भात मात्र पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून मुले घरोघरी जातात आणि बोजारा मिळवतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी आणि झाकलेला खाऊ ओळखण्याची गंमत असते. गोष्टी, गाणी, ऋतू आणि हाताचे काम यांची वर्षाची साखळी येथे तयारच आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, म्हणून विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. दुपारी घरात आणि सांजवेळी अंगणात, ही उन्हाने घालून दिलेली लयच आहे. कडधान्य निवडणे, लसूण सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे या कामांत मुलाला सोबत घेणे, यालाच ही पद्धत 'अर्थपूर्ण काम' म्हणते.

मात्र ही सारी लय सांभाळायची कोणी, हा प्रश्न टाळता येत नाही. वॉल्डॉर्फ घराच्या चित्रात बहुधा घरी असलेली, घाई नसलेली आई गृहीत धरलेली असते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर ते करणारे पुरुष ८८ मिनिटे. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतावरून थकून परतलेल्या बाईकडे शांत आवाज, ताजी पोळी आणि रोजची गोष्ट अशी आणखी एक अपेक्षा सोपवली, तर ती सुधारणा नव्हे, बोजा ठरेल. घराची लय सांभाळणे हे वडिलांचेही काम आहे, हे मान्य केल्याखेरीज ही पद्धत पाळीच्या घरात टिकणार नाही.

या पद्धतीतील सर्वच गोष्टी जशाच्या तशा घेण्याचेही कारण नाही. तिच्या मुळाशी स्टायनर यांचे 'अँथ्रोपॉसॉफी' हे अध्यात्मिक तत्त्वज्ञान आहे. त्यातील अनेक विधानांना विज्ञानाचा आधार नाही आणि वंशांविषयीच्या त्यांच्या लेखनावर कठोर टीका झालेली आहे. युरोप-अमेरिकेतील काही वॉल्डॉर्फ शाळांच्या परिसरात लसीकरणाविषयीची अनास्था आणि त्यातून पसरलेला गोवर, हाही इतिहास आहे. वाचन-लेखन सहा-सात वर्षांपर्यंत लांबवण्याचा आग्रहही तपासून घ्यावा लागेल. पुस्तकांनी भरलेल्या घरात या विलंबाने फारसे बिघडत नाही. ज्या घरात गोंडी, कोलामी किंवा तेलुगू बोलली जाते आणि छापील मराठी प्रथम शाळेतच भेटते, तेथे गोष्टीसोबत चित्रांचे पुस्तकही मुलाच्या हाती लवकर पडायला हवे. लस वेळेवर, पुस्तक लवकर आणि लय रोजची, अशी निवड पालकांनी डोळसपणे करावी.

मुलांच्या शिक्षणाने घराच्या दिनक्रमाशी जुळवून घ्यावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या पाड्यावरील अंगणात नेली. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलाचा दिवस गुरांमागे जात असेल, तर शाळेनेही कुरणात जावे, इतका तो विचार सरळ होता. केंद्र शासनाने २०२४ मध्ये अंगणवाड्यांसाठी तयार केलेल्या 'आधारशिला' अभ्यासक्रमातही दिवसाची सुरुवात अर्ध्या तासाच्या मोकळ्या खेळाने होते आणि त्यानंतर मार्गदर्शित कृती येतात. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या 'नवचेतना' आराखड्यात पालकांनी घरी करायच्या कृती दिल्या आहेत. शहरात शुल्क भरून मिळणारी गोष्ट कागदावर तरी अंगणवाडीपर्यंत आली आहे.

ती कागदावरून घरात येण्यासाठी पैशाइतकीच वेळेची तजवीज लागेल. २०१५ मधील खाण कायद्याच्या दुरुस्तीनंतर खाणबाधित जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी उभा राहतो आणि शिक्षण, महिला व बालकल्याण ही त्याची प्राधान्याची क्षेत्रे आहेत. खोल्या आणि संगणकांबरोबर या निधीतून खाणींच्या वसाहतींत पाळीच्या वेळांना सोयीची पाळणाघरे उभी राहिली, तर दिवसा झोपलेल्या वडिलांसाठी मुलाच्या हाती मोबाइल देण्याची वेळ येणार नाही. पाळ्यांचे वेळापत्रक महिनाभर आधी हाती पडणे आणि ते ऐनवेळी न बदलणे, यासाठी तर व्यवस्थापनाला निधीचीही गरज नाही. स्टुटगार्टच्या कारखानदाराने १९१९ मध्ये कामगारांच्या मुलांची जबाबदारी आपली मानली, म्हणून ती शाळा उभी राहिली. मुलांच्या झोपेची काळजी वाहणाऱ्या शासनाने आणि कोळसा-सिमेंटच्या उद्योगाने आता त्या मुलांच्या आईवडिलांच्या वेळेचाही हिशेब मांडायला हवा.