समुद्र झाडीपट्टीचाही आहे

संपादक महोदय,

समुद्राचे तापमान आणि खारेपणा हे विषय निघाले की सगळे मुंबई-कोकणाकडे पाहतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पानावर ती बातमी येतच नाही. हे चूक आहे. आमच्या झाडीपट्टीतल्या धानाचा मोठा पाऊस बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांमुळे पडतो. ती ओडिशा, छत्तीसगड ओलांडून इकडे येतात.

ती तिथेच एवढी का तयार होतात? एक कारण खारेपणाचे आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी या उपसागरात अफाट गोडे पाणी ओततात. हलके गोडे पाणी वर तरंगते, खालच्या जड, खाऱ्या, थंड पाण्यात सहजी मिसळत नाही. उन्हाची धग वरच्या थरातच कोंडते आणि पावसाळ्यातही पृष्ठभाग साधारण २८ अंशांच्या वर राहतो. याच उबेवर कमी दाबाची क्षेत्रे पोसतात. वर्धा-वैनगंगेची प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, म्हणजे आमच्या बांधीतले पाणीही शेवटी त्याच थरात जाते.

आता समुद्र तापतो आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. तापत्या अरबी समुद्रावरून येणारे वाढीव बाष्प त्यामागे आहे. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. धानाचे पऱ्हे वाळेपर्यंत रोवणी खोळंबते आणि मग एका रात्रीत बांध्या बुडतात, ते यामुळेही.

ऑगस्ट २०२० अखेरचा वैनगंगेचा महापूर आठवा. उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र मध्य प्रदेशावर बरसले, गोसेखुर्द धरणातून प्रचंड विसर्ग झाला आणि ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडची नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. असे क्षेत्र समुद्रावर तयार होते तेव्हाच हवामान खात्याला दिसते. मग धरणात आधीच जागा करून ठेवायला काय हरकत आहे? पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटण्याआधी तिथे धान्य, औषधे का पोहोचू नयेत?

प्रशासनाने असे क्षेत्र तयार झाल्याचा इशारा माडिया आणि गोंडीतूनही गावोगावी पोहोचवावा. आणि आपण पावसाळाभर जिल्ह्याच्या पानावर बंगालच्या उपसागराची रोजची स्थिती छापावी, ही विनंती.

– एक धान उत्पादक, आरमोरी (जि. गडचिरोली)